शेतीकामातील अपघात, अपंगत्व आणि शासकीय साहाय्य

सोयाबीनची सुगी ऐन भरात आली की गावोगाव मळणी यंत्रे रात्री उशिरापर्यंत चालू असतात. पावसाचा भरवसा नसतो, यंत्राला दुसऱ्या दिवशी दुसऱ्या शेतावर जावयाचे असते, आणि यंत्रावर उभी असलेली माणसे दिवसभराच्या श्रमाने थकून गेलेली असतात. अशा वेळी काड आत सरकविताना हात यंत्राच्या तोंडाशी किती जवळ गेला, याचे भान राहत नाही. एका क्षणात धडधाकट माणसाचा उजवा हात जातो आणि त्या हाताबरोबर घरातील मुख्य कर्त्याची निम्मी कमाईही जाते.

मळणी यंत्राप्रमाणेच कडबाकुट्टी यंत्र, उघड्या तारांचा विद्युत पंप, उलटणारा ट्रॅक्टर, कठडा नसलेली विहीर, बैलाचे शिंग आणि घोणस किंवा फुरसे यांचा दंश ही शेतकऱ्याच्या रोजच्या जीवनातील संकटे आहेत. घोणसीच्या दंशाने जीव वाचला तरी पायाचे मांस सडून तो कापावा लागल्याची उदाहरणे ग्रामीण रुग्णालयांना नवीन नाहीत. अपघात घडला की घरच्यांचे सारे लक्ष जखमीचा प्राण वाचविण्याकडे लागते, आणि ते योग्यच आहे. परंतु प्राण वाचल्यानंतर त्या माणसाला पुढील तीस-चाळीस वर्षे जगावयाचे असते. त्यासाठी शासनाने काही साहाय्य ठेवलेले आहे. ते पुष्कळांना मिळत नाही. याचे कारण बहुधा पात्रतेचा अभाव हे नसते. योग्य वेळी योग्य कचेरीत योग्य कागद पोहोचला नाही, हे असते.

येथे एका शब्दाचा खुलासा करणे आवश्यक आहे. बोलण्यात आपण 'अपंग' म्हणतो; शासकीय कागदपत्रांत आता 'दिव्यांग' हा शब्द रूढ झाला आहे. अर्जावर, प्रमाणपत्रावर आणि कचेरीच्या पाटीवर हाच शब्द आढळेल. दोन्हींचा अर्थ एकच आहे, हे ध्यानी ठेवावे म्हणजे घोटाळा होणार नाही.

तीन कचेऱ्या आणि तीन प्रश्न

अपंगत्व आलेल्या शेतकऱ्याची मोठी अडचण अशी की, 'सरकारी मदत' या एका नावाखाली तो निरनिराळ्या गोष्टी एकत्र करतो. एका ठिकाणी अर्ज दिला म्हणजे सर्व काही झाले, असे त्याला वाटते. वास्तविक पाहता त्याच्यासमोर तीन स्वतंत्र कचेऱ्या आहेत आणि प्रत्येक कचेरी त्याला वेगळा प्रश्न विचारते.

कृषी कार्यालय विचारते, अपघात कसा व केव्हा झाला आणि त्यात कोणता अवयव गेला? शासकीय रुग्णालय विचारते, शरीराची कायमची हानी शेकडा किती झाली? तहसील कार्यालय विचारते, हानी झालेल्या या माणसाच्या घरची आर्थिक स्थिती कशी आहे? पहिल्या प्रश्नाच्या उत्तरावर एकरकमी अनुदान अवलंबून असते, दुसऱ्यावर दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र, आणि तिसऱ्यावर मासिक साहाय्य. एका प्रश्नाचे उत्तर दुसऱ्या कचेरीत चालत नाही. ही गोष्ट एकदा समजली की पुढील सर्व मार्ग सोपा होतो.

हा मार्ग स्पष्ट व्हावा म्हणून एक उदाहरण डोळ्यांपुढे ठेवू. समजा, चाळीस वर्षे वयाचा एक शेतकरी आहे. त्याच्या कुटुंबाची तीन एकर जिराईत जमीन असून सातबाऱ्यावर नाव वडिलांचे आहे. मळणी यंत्रात सापडून त्याचा उजवा हात मनगटापासून काढावा लागला. यंत्र त्याच्या चुलतभावाचे होते.

पहिल्या दिवसाची नोंद

या उदाहरणातील शेवटचे वाक्य वाटते त्यापेक्षा अधिक महत्त्वाचे आहे. यंत्र भाऊबंदाचे किंवा शेजाऱ्याचे असले म्हणजे त्याच्यावर बालंट येऊ नये, या भावनेने घरची मंडळी पोलिसांना वर्दी देत नाहीत. काही वेळा तर रुग्णालयात 'घरी पडून लागले' असे सांगितले जाते. त्या वेळी हे सौजन्य वाटते. परंतु पहिल्या दिवशी केसपेपरवर जे लिहिले गेले, तेच पुढे प्रत्येक कचेरीत वाचले जाते. महिनाभराने 'हात मळणी यंत्रात गेला' असे सांगितल्यास आधीचा कागद त्याच्या विरुद्ध साक्ष देतो, आणि मग खऱ्या अपघाताचा बळी खोटा ठरण्याची पाळी येते.

यासाठी पुढील दक्षता घ्यावी. जखमीला रुग्णालयात नेणाऱ्याने डॉक्टरांना घटना जशी घडली तशीच सांगावी आणि ती केसपेपरवर नोंदवून घ्यावी. पोलीस पाटील व पोलीस ठाणे यांना त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी वर्दी द्यावी आणि घटनास्थळाचा पंचनामा करवून घ्यावा. तलाठी (आताचे ग्राम महसूल अधिकारी) आणि गावचे सहायक कृषी अधिकारी यांना घटना कळवावी. रुग्णालयातून घरी येताना मिळालेला सुटीचा कागद, क्ष-किरण चित्रे आणि औषधांच्या चिठ्ठ्या एका पिशवीत जपून ठेवाव्यात. घरातील एका शिकलेल्या व्यक्तीने एवढे काम अंगावर घेतले तर जखमी माणसाला त्यासाठी अंथरुणावरून उठावे लागत नाही.

कृषी विभागाचे सानुग्रह अनुदान

महाराष्ट्रात शेतकऱ्यांसाठी अपघात विमा योजना २००५-०६ पासून चालू होती. पुढे तिला गोपीनाथ मुंडे यांचे नाव देण्यात आले. विमा कंपन्यांमार्फत चालणाऱ्या या पद्धतीत दावे रेंगाळत असत. म्हणून २०२३ मध्ये शासनाने विमा कंपनीस मध्ये न ठेवता स्वतःच अनुदान देण्याचे ठरविले. ही 'गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना' होय. शेतकऱ्यास यासाठी कोणताही हप्ता भरावा लागत नाही.

या योजनेत अपघाती मृत्यू झाल्यास वारसांना २ लाख रुपये दिले जातात. दोन्ही डोळे, दोन्ही हात किंवा दोन्ही पाय निकामी झाल्यास, अथवा एक डोळा आणि एक हात किंवा पाय निकामी झाल्यास २ लाख रुपये मिळतात. एक डोळा, एक हात किंवा एक पाय निकामी झाल्यास १ लाख रुपये मिळतात. योजनेच्या तक्त्यात हात, पाय आणि डोळा हेच अवयव आहेत; केवळ बोट तुटल्याचा स्वतंत्र उल्लेख त्यात नाही.

लाभार्थीचे वय १० ते ७५ वर्षांच्या दरम्यान असावे लागते. सातबाऱ्यावर नाव असलेला खातेदार शेतकरी तर पात्र आहेच, परंतु ज्याचे नाव सातबाऱ्यावर नाही असा त्याच्या कुटुंबातील एक सदस्यही पात्र धरला जातो. आई, वडील, पती किंवा पत्नी, मुलगा अथवा अविवाहित मुलगी यांपैकी कोणीही एक व्यक्ती त्यात येते. आपल्या उदाहरणातील शेतकऱ्याचे नाव सातबाऱ्यावर नसले तरी तो खातेदाराचा मुलगा म्हणून अर्ज करू शकतो. 'जमीन माझ्या नावावर नाही' असे म्हणून अनेक तरुण शेतकरी आणि शेतकरी स्त्रिया अर्जच करीत नाहीत. तो समज चुकीचा आहे.

रस्ता व रेल्वे अपघात, पाण्यात बुडणे, विजेचा धक्का, वीज अंगावर पडणे, उंचावरून पडणे, सर्पदंश व विंचूदंश, कीटकनाशके हाताळताना झालेली विषबाधा, जनावरांच्या हल्ल्यात झालेली इजा यांचा योजनेत समावेश आहे. नैसर्गिक मृत्यू, आत्महत्येचा प्रयत्न, अपघातापूर्वीच असलेले अपंगत्व, अमली पदार्थांच्या अंमलाखाली झालेला अपघात आणि गुन्हा करताना झालेली इजा यांना लाभ मिळत नाही.

अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्यांच्या कार्यालयाकडे अपघातापासून ३० दिवसांच्या आत करावयाचा असतो. या मुदतीकडे विशेष लक्ष पुरवावे. जखम बरी होण्यास दोन महिने लागतात आणि रुग्णालयातील माणसाला दिवस मोजण्याची शुद्ध नसते. म्हणून 'बरे वाटल्यावर पाहू' हा विचार सोडून घरच्यांनी पहिल्याच आठवड्यात कृषी कार्यालयाशी संपर्क साधावा. अर्जासोबत सातबारा उतारा, वयाचा पुरावा, आधार कार्ड, बँकेच्या पासबुकाची प्रत, प्रथम माहिती अहवाल किंवा पोलीस पाटलांचा अहवाल, घटनास्थळाचा पंचनामा आणि अपंगत्वाचे कारण दर्शविणारे डॉक्टरांचे प्रमाणपत्र लागते. खातेदाराऐवजी कुटुंबातील सदस्याने अर्ज केल्यास नात्याचा पुरावा, उदाहरणार्थ शिधापत्रिका, जोडावा. अपघाताच्या प्रकारानुसार आणखी कागद लागू शकतात. त्यांची यादी कृषी कार्यालयात मिळते.

घटनेची माहिती मिळाल्यावर महसूल, पोलीस व कृषी खात्यांच्या पथकाने ८ दिवसांत चौकशी अहवाल द्यावा आणि तहसीलदारांच्या अध्यक्षतेखालील समितीने ३० दिवसांत निर्णय घ्यावा, अशी योजनेची पद्धत आहे. अर्ज देताना त्याची दिनांकित पोच अवश्य घ्यावी. पोच हाती असलेला अर्जदारच पुढे मुदतीची आठवण करून देऊ शकतो.

दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र

आता दुसऱ्या कचेरीकडे, म्हणजे शासकीय रुग्णालयाकडे वळू. वरील अनुदान एकदाच मिळते. प्रवासातील सवलत, कृत्रिम हात किंवा पाय, मासिक साहाय्य, राखीव जागा या पुढील सर्व गोष्टींसाठी मात्र दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि त्याचे ओळखपत्र लागते. या ओळखपत्राला 'वैश्विक ओळखपत्र' किंवा 'यूडीआयडी कार्ड' म्हणतात. ते संपूर्ण देशात चालते.

या व्यवस्थेचा आधार दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा होय. तो १९ एप्रिल २०१७ पासून अंमलात आला. त्यापूर्वीच्या १९९५ च्या कायद्यात ७ प्रकारचे अपंगत्व मानले जात होते. नव्या कायद्यात ते २१ झाले आहेत. हातापायांचे व दृष्टीचे दोष यांबरोबरच कर्णबधिरता, बौद्धिक अक्षमता, मानसिक आजार, सिकलसेल, ॲसिड हल्ल्याने आलेली विद्रूपता अशा प्रकारांचा त्यात समावेश आहे. सिकलसेलचा आजार विदर्भ व खानदेशातील आदिवासी भागांत आढळतो. तेथील कुटुंबांनी या तरतुदीची विशेष माहिती करून घ्यावी.

अर्ज 'स्वावलंबन' या केंद्र शासनाच्या संकेतस्थळावर करावयाचा असतो. मोबाईलवर अर्ज भरणे जमत नसेल तर गावातील आपले सरकार सेवा केंद्रातून तो भरता येतो. अर्जासाठी छायाचित्र, आधार कार्ड, रहिवासाचा पुरावा आणि सही किंवा अंगठा लागतो. अर्जात स्वतःच्या जिल्ह्यातील रुग्णालय, अथवा जेथे उपचार चालू आहेत ते रुग्णालय निवडावे. अर्जानंतर तपासणीसाठी बोलावणे येते. त्या दिवशी उपचारांचे सर्व कागद बरोबर न्यावेत. ओळखपत्रासाठी शासन कोणतीही फी घेत नाही. प्रमाणपत्र मिळवून देतो म्हणून पैसे मागणारा मनुष्य भेटल्यास त्याला दूर ठेवावे. खोट्या मार्गाने दिव्यांगांचे लाभ घेतल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

२०२४ मध्ये नियमांत झालेल्या सुधारणेनुसार वैद्यकीय प्राधिकाऱ्याने अर्जापासून तीन महिन्यांत प्रमाणपत्र द्यावयाचे आहे. दोन वर्षांपेक्षा अधिक काळ निर्णय न झालेला अर्ज रद्दबातल होतो. त्यामुळे तपासणीचे बोलावणे आल्यावर सुगी आहे म्हणून ते टाळू नये. ओळखपत्राचा रंगही ठरलेला आहे : ४० टक्क्यांपेक्षा कमी अपंगत्वास पांढरे, ४० टक्क्यांपासून ८० टक्क्यांच्या आतील अपंगत्वास पिवळे आणि ८० टक्के व त्याहून अधिक अपंगत्वास निळे कार्ड दिले जाते.

टक्केवारीचा हिशेब

बहुतेक सवलतींसाठी किमान ४० टक्के अपंगत्व असावे लागते. ही टक्केवारी केंद्र शासनाने ठरवून दिलेल्या तक्त्यांवरून काढली जाते. ती ठरविताना माणसाची गरिबी किंवा कामातील अडचण पाहिली जात नाही. शरीराची हानी पाहिली जाते. मनगटाच्या सांध्यातून हात काढावा लागल्यास ६० टक्के अपंगत्व धरले जाते. म्हणजे आपल्या उदाहरणातील शेतकरी पिवळ्या कार्डास पात्र ठरतो.

परंतु त्याच गावात दुसरा एक शेतकरी आहे असे समजा. बैलाचे शिंग लागून त्याचा एक डोळा पूर्ण गेला, दुसरा चांगला आहे. कृषी विभागाच्या योजनेत त्याला एक डोळा निकामी झाल्याबद्दल १ लाख रुपये मिळू शकतात. मात्र रुग्णालयाच्या तक्त्यानुसार एका डोळ्याची दृष्टी पूर्ण जाऊन दुसरा डोळा निर्दोष असल्यास अपंगत्व ३० टक्के ठरते. त्यामुळे त्याला ओळखपत्र मिळाले तरी ४० टक्क्यांवर आधारलेल्या सवलती मिळत नाहीत. 'कृषी खात्याने मानले, मग दवाखाना का मानत नाही?' असा राग त्याला येणे स्वाभाविक आहे. पण दोन्ही कचेऱ्यांचे प्रश्नच वेगळे असल्यामुळे उत्तरेही वेगळी येतात. याउलट, प्रमाणपत्र मिळणार नाही असे कळल्यावर त्याने अनुदानाचाही नाद सोडला, तर हक्काचे १ लाख रुपये व्यर्थ जातात. असे होऊ देऊ नये.

एकाच व्यक्तीत दोन दोष असतील तर दोन्ही सांगावेत. तपासणीस गेलेला शेतकरी ताज्या जखमेविषयी बोलतो आणि वीस वर्षांपूर्वी कडबाकुट्टीत गेलेल्या बोटांचा किंवा बहिऱ्या कानाचा उल्लेख करीत नाही. दोन दोषांच्या टक्केवारीची साधी बेरीज होत नाही, तरी एका सूत्राने ती एकत्र केली जाते. एकाचे ३० आणि दुसऱ्याचे ३० टक्के असल्यास एकत्रित अपंगत्व ५० टक्के येते. स्वतंत्रपणे अपुरी पडणारी हानी एकत्र धरल्यावर ४० ची मर्यादा ओलांडू शकते.

आणखी एक गोष्ट. कायमच्या हानीचे मोजमाप जखम भरून उपचार पूर्ण झाल्यानंतरच नीट होते. सुधारणेची शक्यता असल्यास मंडळ ठराविक मुदतीचे तात्पुरते प्रमाणपत्र देते. त्यावरील मुदत पाहून ठेवावी आणि ती संपण्यापूर्वी पुनर्तपासणी करून घ्यावी.

दरमहाचे साहाय्य

तिसरी कचेरी तहसीलदारांची. महाराष्ट्र शासनाची संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० पासून चालू आहे. किमान ४० टक्के अपंगत्व असलेली, ६५ वर्षांखालील, महाराष्ट्रात किमान १५ वर्षे राहत असलेली आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ५० हजार रुपयांपर्यंत असलेली दिव्यांग व्यक्ती या योजनेत अर्ज करू शकते. दिव्यांग लाभार्थींना पूर्वी दरमहा १,५०० रुपये मिळत. ऑक्टोबर २०२५ पासून ही रक्कम २,५०० रुपये करण्यात आली आहे. ६५ वर्षे पूर्ण झालेल्या वृद्धांसाठी श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना आहे आणि त्यातील दिव्यांगांनाही वाढीव रक्कम लागू आहे.

उत्पन्नाच्या अटीत इतर निराधार आणि दिव्यांग यांच्यात फरक आहे. इतरांसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २१ हजार रुपये आहे, तर दिव्यांगांसाठी ती ५० हजार रुपये आहे. गावात कोणाचा अर्ज २१ हजारांच्या अटीमुळे फेटाळला गेला म्हणून दिव्यांगाने आपण अपात्र आहोत असे धरून चालू नये.

अर्जासोबत दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र, उत्पन्नाचा व वयाचा दाखला, रहिवासी दाखला, शिधापत्रिका, आधार कार्ड आणि बँक पासबुक लागते. रक्कम थेट बँक खात्यात जमा होते; म्हणून खाते आधारशी जोडलेले आहे याची बँकेत जाऊन खात्री करावी. अनुदान चालू झाल्यावर दरवर्षी हयातीचा दाखला देणे आवश्यक असते. दोन-चार महिने पैसे आले नाहीत की योजना बंद पडली असे लोक समजतात. प्रत्यक्षात हयातीचा दाखला राहिलेला असतो किंवा खात्याची आधार जोडणी तुटलेली असते. प्रथम त्याची चौकशी करावी.

भूमिहीन मजुरांचे काय?

मळणी यंत्रावर काम करणारे पुष्कळसे लोक दुसऱ्याच्या शेतावरील मजूर असतात. त्यांच्या कुटुंबात कोणाच्याही नावे सातबारा नसेल तर कृषी विभागाचे सानुग्रह अनुदान त्यांना मिळत नाही. म्हणून अपघातापूर्वीच एक व्यवस्था करून ठेवावी. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत १८ ते ७० वर्षे वयाच्या कोणत्याही बँक खातेदाराला वर्षाला २० रुपये हप्त्यात अपघाती विमा मिळतो. मृत्यू, तसेच दोन्ही डोळे, दोन्ही हात किंवा दोन्ही पाय गमावल्यास २ लाख रुपये, आणि एक डोळा, एक हात किंवा एक पाय गमावल्यास १ लाख रुपये अशी त्याची भरपाई आहे. विम्याचे वर्ष १ जून ते ३१ मे असते. हप्ता खात्यातून आपोआप कापला जातो. त्यासाठी मे महिन्याच्या अखेरीस खात्यात तेवढी शिल्लक असली पाहिजे. बागाईतदारांनी व यंत्रमालकांनी आपल्याकडील मजुरांची ही नोंद करून दिली तर वर्षाचे वीस रुपये त्यांना जड नाहीत.

दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि मासिक साहाय्य यांसाठी मात्र जमिनीची अट नाही. रुग्णालय व तहसील कार्यालय या दोन्ही कचेऱ्या मजुराला तितक्याच खुल्या आहेत.

इतर सवलती

४० टक्के किंवा अधिक अपंगत्व असलेल्या व्यक्तीस केंद्र शासनाच्या योजनेतून कृत्रिम अवयव, तीनचाकी सायकल, कुबड्या, श्रवणयंत्र अशी साधने, उत्पन्नाची अट पूर्ण होत असल्यास, मिळू शकतात. ही योजना १९८१ पासून चालू असून कानपूरचा कृत्रिम अवयव कारखाना अशी साधने बनवितो. त्यासाठी वेळोवेळी तालुक्याच्या गावी शिबिरे भरतात. एसटीच्या प्रवासातही दिव्यांगांना सवलत आहे.

२०१६ च्या कायद्याच्या कलम ३७ नुसार शेतजमीन व घरे यांच्या वाटपात, तसेच दारिद्र्य निर्मूलनाच्या व विकासाच्या योजनांत दिव्यांगांसाठी ५ टक्के राखीव ठेवावयाचे असतात. महाराष्ट्रात ग्रामपंचायतींनीही आपल्या स्वउत्पन्नातील ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करावयाची आहे. ती कशावर खर्च झाली, हे ग्रामसभेत विचारण्याचा अधिकार प्रत्येक ग्रामस्थास आहे. एका हाताने चालविता येतील अशी अवजारे, कुक्कुटपालन, शेळीपालन, रोपवाटिका, पिठाची चक्की अशा उद्योगांकडे वळू पाहणाऱ्या दिव्यांग शेतकऱ्याने कृषी व पंचायत समिती कार्यालयातील योजनांची चौकशी करताना आपले ओळखपत्र दाखवावे.

अर्ज नामंजूर झाल्यास

कोणताही अर्ज तोंडी नाकारला गेल्यास निमूटपणे परत फिरू नये. नकाराचे कारण लेखी मागावे. पुष्कळदा एखादा कागद अपुरा असतो आणि तो दिल्यावर अर्ज मार्गी लागतो. सानुग्रह अनुदानाच्या निर्णयाविरुद्ध जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समितीकडे दाद मागता येते. प्रमाणपत्र नाकारले गेले किंवा टक्केवारी मान्य नसली तर त्याविरुद्ध ९० दिवसांच्या आत अपील करता येते. अपिलासाठी वकील लावलाच पाहिजे असे नाही. जुने उपचारपत्र व नव्या तपासणीचे कागद जोडून साधा अर्ज पुरेसा असतो.

या साहाय्याकडे भीक म्हणून पाहण्याची वृत्ती आपल्या स्वाभिमानी शेतकरी समाजात अजून आहे. उजवा हात गेलेला माणूस डाव्या हाताने पाणी धरील, पण कचेरीच्या पायरीवर उभा राहणार नाही. त्याने एवढाच विचार करावा की, दुष्काळात पिकाची आणेवारी लागते तेव्हा तो ती हक्काने मागतो. अपघाताने हिरावलेली कमाई भरून काढण्यासाठी कायद्याने ठेवलेली तरतूद मागणे हेही त्याच प्रकारचे आहे.

आपल्या उदाहरणातील शेतकऱ्याच्या घरच्यांनी पहिल्या दिवशी खरी नोंद केली, पहिल्या महिन्यात कृषी कार्यालयात अर्ज दिला, जखम भरल्यावर रुग्णालयात तपासणी करून घेतली आणि प्रमाणपत्र हाती येताच, उत्पन्नाची अट बसत असल्यास, तहसीलीत अर्ज केला, तर त्याला १ लाख रुपयांचे अनुदान व दरमहा २,५०० रुपये मिळण्याचा मार्ग मोकळा होतो. हात काही परत येणार नाही. परंतु मुलांची शाळा चालू राहील आणि तीन एकरांचा तुकडा विकावा लागणार नाही.

सुगीला यंत्र खळ्यावर येण्यापूर्वी काड सरकविण्याचा पत्रा पुरेसा लांब आहे काय, पट्ट्यावर जाळी आहे काय, सैल बाह्यांचा सदरा घातलेला कोणी यंत्रावर उभा नाही ना, हे मालकाने पाहावे. आणि घरातील सर्वांनी सातबारा, आधार कार्ड, शिधापत्रिका व बँक पासबुक यांच्या प्रती एका जागी ठेवून द्याव्यात. त्यांची गरज कधीही न पडो. पडलीच तर त्या शोधण्यात ३० दिवसांतील एकही दिवस खर्ची पडू नये.